मॅगीची खीर

फँटात शिजवलेल्या मॅगीचा व्हिडिओ आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पहिल्यांदा पडला तो २०२१ च्या पावसाळ्यात. उत्तरेकडचा कुठला तरी गाडीवाला, कढईत तूप, तुपात कांदा-मिरची, आणि त्यावर अख्खी बाटली उपडी. केशरी फेस वर आला तसा शाहापूरच्या थोरल्या दादानं लिहिलं, ‘कलियुग.’ पुण्याच्या ताईनं नुसते हात जोडले. मग सुरतेत फँटात शिजवलेली अंडी आली, अहमदाबादची ओरिओ बिस्किटांची भजी आली, गुलाबजाम घातलेलं काहीतरी आलं. दोन दिवस आम्ही सगळे एकसुरात हळहळत होतो. तिसऱ्या दिवशी निपाणीतला धाकटा, जो गटावर वर्षातून चारदा बोलतो, त्यानं एकच ओळ टाकली: ‘मॅगीची खीर विसरलासा काय?’

अर्धा तास गट गप्प. मग सगळे एकदम लिहायला लागले.

आम्ही म्हणजे अकरा. सात निपाणीच्या वाड्यातले आणि चार बेळगावच्या आत्तीचे, शाहापुरातले. निपाणी-बेळगाव अंतर पंचाहत्तर किलोमीटर, मध्ये तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती. परीक्षा संपली की चारजण लाल गाडीनं निपाणीला यायचे आणि जून लागेपर्यंत वाड्यात अकरा पितळ्या मांडल्या जायच्या. आबा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. त्यांच्या धोतराला, छत्रीला, आणि आमच्या आज्जीच्या मते त्यांच्या ताटातल्या भाताला सुद्धा तंबाखूचा वास यायचा. हंगामात तर गावभर तो तिखट धुरळा असे. पाहुणे शिंकत, आम्हाला काही वाटत नसे. विचित्र चवींची आमची बारावीची परीक्षा अशी श्वासावाटेच सुरू झाली होती म्हणायची.

स्वयंपाकघरात आज्जी, थोरली काकू, धाकटी काकू आणि आम्हा तिघांची आई. नियम एकच होता आणि तो आज्जीचा होता: ‘केलंय ते खायचं.’ काहीही करा. परड्यात तीन दगडांची चूल मांडा, डिचकीत पाहिजे ते पाहिजे त्यात घाला, कुणी रागावणार नाही. पण ज्यानं केलं त्यानं ते संपवल्याशिवाय उठायचं नाही. या एका नियमानं आमच्यातले कितीतरी गाडीवाले वेळीच घडायचे राहिले.

तर खीर. १९८५ चा मे. मुंबईच्या बँकेत असलेले काका रात्रीच्या गाडीनं आले आणि पिशवीतून पिवळी पाकिटं काढून सोप्यात ठेवून झोपायला माडीवर गेले. जाताना म्हणाले, ‘पोरांना करून घाला, दोन मिनिटांत होतंय.’ मॅगी भारतात येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, निपाणीत यायची होती. आमच्याकडे टीव्हीही नव्हता, त्यामुळे जाहिरातीतल्या त्या आईची आणि थोरल्या काकूची ओळख नव्हती. काकूनं पाकीट फाडलं, आतली वळकटी हातावर घेतली, नखानं एक धागा मोडला, दाताखाली धरला.

‘शेवयाच की गा ह्या,’ ती म्हणाली. ‘मुंबैवाले वळकटी करून विकतात.’

आता हे म्हणणारी बाई साधी नव्हे. खपली गव्हाच्या शेवया ती हातावर करायची. उन्हाळ्यात माडीवर खाटा उलट्या टाकून त्यावर धोतराच्या पानावर शेवया वाळत पडलेल्या असत आणि आम्ही त्याखालून रांगत जात असू. शेवयाचं काय करतात हा तिला प्रश्न पडायचं कारण नव्हतं. तिनं तूप घातलं, वळकट्या मोडून गुलाबी परतल्या, दूध ओतलं, खोबरं, जायफळ. गूळ घातल्यावर दूध फाटू नये म्हणून तो भगुणं उतरवून मग घातला. एवढी काळजी घेऊन ती खीर झाली होती. पाकिटात निघालेली मसाल्याची पुडी तिनं हुंगली. ‘ह्यात धने-जिरं हाय. खिरीत घालायला सांगतात काय, खुळी माणसं!’ पुडी फडताळात गेली.

चव कशी होती याबद्दल आजही एकमत नाही. आधी गोड, मग मागून खारट आणि तळकट, असं चौघांचं म्हणणं. पुण्याच्या ताईला फक्त आठवतं की शेवया रबरासारख्या होत्या, ओढल्या की परत मागे जायच्या. काका खाली आले, पितळीत बघितलं, आणि उंबऱ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. थोरल्या काकूचं तोंड उतरलं. आज्जीनं काकांकडे बघितलं, मग पितळी त्यांच्यापुढे सरकवली. ‘केलंय ते खायचं.’ काकांनी खाल्ली. आज्जीनं स्वतः खाल्ली. बेळगावच्या धाकटीनं दुसऱ्यांदा मागितली, असं ती सांगते. बाकी दहाजण हे मान्य करत नाहीत.

पुडीचं काय झालं ते ऐका. दुसऱ्या दिवशी भडंग केली. लसूण तडतडला, कढीलिंब टाकला, आणि काकूला पुडी आठवली. त्या भडंगासारखी भडंग आम्ही पुन्हा खाल्ली नाही, आणि जयसिंगपूर आमच्यापासून काही लांब नाही. पुढच्या मेमध्ये आम्हीच हट्ट धरून खीर मागितली. यावेळी काकूनं शेवया आधी पाण्यात उकळून पाणी फेकून दिलं, खारटपणा गेला. तिसऱ्या वर्षी तिनं त्यात भाजलेली खसखस घातली. म्हणजे ज्याला आम्ही परवा कलियुग म्हणत होतो, त्याची आमच्या घरी सुधारित तिसरी आवृत्ती निघालेली होती. काही वर्षांपूर्वी ‘मॅगी मिल्कशेक’ नावाचा फोटो देशभर फिरला आणि लोक खवळले, तेव्हा आमच्यातल्या एकानंही तो पुढे पाठवला नव्हता. २०१५ साली जून ते नोव्हेंबर मॅगी बाजारातून नाहीशी झाली होती, त्या काळात काकूला कुणीतरी बातमी वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘खीर करायची होती की लोकांनी.’

खिरीनंतर गटावर आठवणींचा जो बांध फुटला त्यात चहा-चुरमुरे पहिले. हे आम्हाला विचित्र वाटतच नव्हतं, पुण्याच्या जावयानं सांगेपर्यंत. सकाळी बशीभर चहात मूठभर चुरमुरे टाकायचे आणि चमच्यानं खायचे. वेळ महत्त्वाची. लगेच खाल्ले तर घशाला टोचतात, थांबलं तर लगदा. मधला जो क्षण असतो तो पकडता येणं म्हणजे वाड्यात मोठं झाल्याची खूण. ज्याला चुरमुरे नकोत त्याला शिळी भाकरी, बेळगावच्या कॅम्पातल्या बेकरीतून आत्ती आणते ते बटर, नाहीतर कालचा चिवडा. हो, चहात चिवडा. शेव फुगते, शेंगदाणा तसाच राहतो, वर हळदीचा तवंग येतो. हा आबांचा खास नाश्ता होता आणि त्यांच्या पंक्तीला बसायला मिळणं हा मान होता.

पुण्याचा जावई नवा होता तेव्हाची गोष्ट. सकाळी त्याला विचारलं, ‘सुसला खाणार काय?’ भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा हा पोह्यांसारखा पदार्थ, कन्नड घरांतही हाच, नावही तेच. त्यानं सोलापूरकडचा ‘सुशीला’ ऐकलेला, त्यामुळे तो गडबडला नाही. गडबडला पुढे. खाऊन होत आलं तसं काकूनं पातेलं उचलून विचारलं, ‘आणि?’ तो वाट बघत राहिला, की आणि काय? काकू पुन्हा म्हणाली, ‘आणि?’ त्यानं आमच्या ताईकडे बघितलं. आमच्याकडे ‘आणि’ म्हणजे ‘अजून’, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दोन वाक्यं जोडायला पुण्यात हा शब्द वापरतात. आम्ही त्यानं वाढतो. त्याला दुसरा धक्का बसला तो ताई काकूला ‘मी जेवतो मागनं’ म्हणाली तेव्हा. आमच्याकडे मुलीही ‘मी जातो, मी खातो’ म्हणतात. लग्नानंतर पुण्यात तिनं ‘जाते, खाते’ शिकून घेतलं, पण वाड्याचा उंबरा ओलांडला की पहिल्या वाक्याला ते गळून पडतं.

दुधाचं प्रकरण मात्र खरोखर आमचं पाप होतं. परड्यात गोटी सोड्याच्या चार बाटल्या होत्या, कुणाच्या तरी बारशाच्या उरलेल्या. बेळगावच्या दादानं कुठून तरी ऐकलं होतं की पंजाबात दूध आणि सोडा एकत्र पितात. हे खरंच आहे, पितात. पण आमच्या बाटल्यांतला सोडा लिंबाचा होता. दोन लिटर म्हशीचं दूध, संध्याकाळच्या चहाचं आणि विरजणाचं, आमच्या डोळ्यांदेखत फाटलं. पांढऱ्या गुठळ्या, वर हिरवट पाणी, आणि अकराजण भोवती उकिडवे.

आज्जी आली, बघितलं. मारलं नाही. फडक्यात बांधून पाणी काढलं, गुठळ्या कढईत घातल्या, साखर घातली आणि उलथनं बेळगावच्या दादाच्या हातात दिलं. ‘हलव.’ तो तासभर हलवत होता. रंग पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा तांबूस झाला, कडेला तूप सुटलं. ‘काय झालं हे?’ आज्जीनं विचारलं. दादा घामानं निथळत म्हणाला, ‘कुंदा.’ बेळगावचं पोर, त्याला वास बरोबर कळला.

कुंद्याची गोष्ट बेळगावात सगळ्यांना ठाऊक आहे: कुणी मिठाईवाला दूध चुलीवर ठेवून विसरला, ते आटून लागायच्या बेताला आलं, टाकवेना म्हणून त्यानं त्यात साखर घालून ढवळलं. खरंखोटं देव जाणे. पण बेळगाव ज्या मिठाईवर मिरवतं तिची कूळकथा एका चुकीची आहे, आणि ही कथा गावानं लपवलेली नाही, हे आम्हाला आवडतं. घरी करताना तर आजही थोडं दही घालून दूध मुद्दाम फाटवतात, म्हणजे कण सुटतो. आमचा लिंबूसोड्याचा कुंदा किंचित आंबट होता. संपवायला तीन दिवस लागले. शेवटच्या दिवशी उरलेला गोळा बेकरीच्या गोल पावात भरून तव्यावर दाबला आणि तेव्हापासून कुंदा-पाव हा आमच्यातल्या अकराहीजणांचा चोरून खायचा पदार्थ आहे. कोल्हापूरला सोळंकींचं कॉकटेल आईस्क्रीम, ज्यात फळं, जेली, आईस्क्रीम सगळं एका ग्लासात नांदतं, ते खाताना लोकांना नवल वाटत नाही. मग कुंदा-पावानंच कुणाचं घोडं मारलं?

शेजाराबद्दल लिहायला लागलं की लोक गहिवरतात, म्हणून थोडक्यात. डावीकडे लिंगायत अव्वा, तिच्याकडून हुग्गी आणि शेंगा होळगी. उजवीकडे जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवण उरकणारं, कांदा-लसूण वर्ज्य. समोर मोहरमला चोंगे करणारं घर. एकदा मोहरम आणि आमचा एक उपवास एकाच दिवशी आला तेव्हा चोंग्याचं काय करायचं यावर वाड्यात दीड तास चर्चा झाली आणि आबांनी निकाल दिला की गुळाला धर्म नसतो, पण गव्हाला उपवास असतो, उद्या खा. थोरले काका सीमालढ्यातले. १ नोव्हेंबरला काळी फीत लावणारे, सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. दुकानाच्या पाटीवरून ते कुणाशीही भांडत. पण वांगं समोर आलं की ‘एण्णगाई झाली काय?’ असंच विचारायचे. भरलं वांगं म्हणायला काय होतं, असं आम्ही एकदा म्हणालो. ते म्हणाले, ‘भरलं वांगं येगळं. त्याला ही चव नसते.’

‘आंदोलना’चं मात्र लांबवावं लागेल.

आमच्या घरात उरलेल्या सगळ्या भाज्या एकत्र करून, वर शेंगाचं कूट आणि चटणी घालून जो रट्टा करतात त्याला ‘आंदोलन’ म्हणतात. (चटणी म्हणजे आमच्याकडे तिखट मसाला. हेही पुण्याला सांगावं लागतं.) सुना बाहेरून आल्या, त्यांनीही शब्द उचलला, आता अमेरिकेतली भाची फोनवर सांगते, ‘काही नाही, फ्रीजमध्ये होतं त्याचं आंदोलन केलं.’ तिला शब्दाचं मूळ माहीत नव्हतं. गटावर सांगितलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही.

१९८१ चा मार्च. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगळूर हमरस्त्यावर येऊन बसले. एक-दोन दिवस नव्हे, तीन आठवड्यांच्या वर. हजारो माणसं रस्त्यावर, बायका-पोरांसकट. आणि हे सगळं ज्यांच्याविरुद्ध, त्या व्यापाऱ्यांपैकी एकाच्या वखारीत आमचे आबा दिवाणजी. घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. पण आज्जीचं माहेर शेतकऱ्याचं, आणि तिचे दोन भाऊ त्या रस्त्यावर. रोज पहाटे तिघी भाकऱ्या थापायच्या, बुट्टीत फडकं घालून रचायच्या, आणि परड्याच्या दारानं, सोप्याच्या नव्हे, बुट्टी बाहेर जायची. आबांना दिसत नव्हतं असं नाही. ते त्या वेळी पेपर वाचत.

भाजी एवढ्या माणसांना कुठून आणणार? आदल्या रात्रीचं, सकाळचं, अव्वानं दिलेलं, जैनांच्या घरची बिनकांद्याची, सगळं एका पातेल्यात. वांगं, वरणा, मेथी, मटकी, कधी बटाटा. आज्जीच्या भावानं तिसऱ्या दिवशी निरोप धाडला, ‘आंदोलनाची भाजी झक्क होती, आणि धाडा.’ नाव त्यानं दिलं.

६ एप्रिलला गोळीबार झाला. बारा शेतकरी गेले. आज्जीचे दोन्ही भाऊ घरी परत आले, पण त्यांच्या गावाच्या वाटेवरच्या गावांत रडणं चालू होतं. त्या दिवशीची बुट्टी परत आली नाही. पुढे वर्षभर तरी उरलेल्या भाज्या वेगवेगळ्या वाट्यांत राहिल्या आणि आंबल्या तर गाईला गेल्या. मग एका पावसाळी रात्री, दिवे गेलेले असताना, आबांनीच विचारलं, ‘आंदोलन करत नाहीसा काय अलीकडं?’ आज्जी काही बोलली नाही. उठली, कंदील घेऊन आत गेली. थोड्या वेळानं फोडणीचा वास आला. आम्हा पोरांना तेव्हा एवढंच कळलं की आज रट्टा आहे.

आता वैद्यांचा मुद्दा, कारण गटावर एक डॉक्टर आहे आणि त्यानं तो काढलाच. लहानपणी मटणावर दूध प्यायला मिळत नसे, माशावर तर नाहीच. आज्जीचे वैद्य चरकाचा दाखला द्यायचे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सव्विसाव्या अध्यायात विरुद्ध आहाराचं मोठं प्रकरण आहे. दूध आणि मासे हे त्यातलं ठळक उदाहरण, आणि विरोधाचे प्रकार अठरा. देशाला विरुद्ध, काळाला विरुद्ध, मात्रेला विरुद्ध, मनाला विरुद्ध, अशी ती यादी आहे. पण त्याच अध्यायात पुढे म्हटलंय की माणूस तरुण असेल, अग्नी चांगला असेल, व्यायाम असेल, थोडंसंच खाल्लं असेल किंवा ते त्याला सवयीनं सात्म्य झालं असेल, तर विरुद्धही बाधत नाही. वैद्यबुवा ही शेवटची पळवाट आम्हाला सांगत नसत. आम्ही ती मोठेपणी शोधली आणि आमच्या बालपणाला लावून टाकली: तरुण होतो, अग्नी होता, दिवसभर सुरपारंब्या हा व्यायाम होता, आणि चहा-चिवडा तर सात्म्यच.

डॉक्टर भावाचा खरा आक्षेप वेगळा होता. तो म्हणाला, आपलं आणि त्यांचं एकच कसं? आपण भुकेपोटी, उधळण नको म्हणून केलं. हे कॅमेऱ्यासाठी करतात. आम्हा बऱ्याचजणांना हे पटलं आणि थोडं लागलंही, कारण ते पूर्ण खरं नाही. दिखाव्याची हौस आमच्याही घरात होती. धाकटी काकू महिला मंडळाच्या पाककृती स्पर्धेत जायची. त्या काळी स्पर्धेत जिंकायचं तर पदार्थ चवदार असून भागत नसे, परीक्षक बाईंनी तो ओळखता कामा नये. कलिंगडाच्या पांढऱ्या भागाच्या वड्या, पावाचे गुलाबजाम, भेंडीचं कशात तरी रूपांतर. काकूच्या फडताळात कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ होती, १९७० ची, वाटी-चमच्याच्या मापात सगळं सांगणारी, आणि शेजारी ‘स्त्री’ मासिकाचे अंक. बेळगावकराला इथं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही: ज्या किर्लोस्करांचं हे मासिक, त्यांची सुरुवात १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानानं झाली. सायकल, मग नांगर, मग बायकांचं मासिक. ओरिओच्या भज्यांना हसणाऱ्यांनी हा क्रमही एकदा बघावा.

धाकट्या काकूनं एका वर्षी बिटाची जिलेबी केली. दिसायला अशी सुंदर की परीक्षकांनी आधी फोटो काढून घेतला. बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. घरी उरलेल्या चाळीस जिलेब्या आल्या. ‘केलंय ते खायचं’ हा नियम मोठ्यांनाही होता. काकूनं पाच दिवस खाल्ल्या, एकटीनं, कारण आमच्यातल्या कुणालाही दुसरी खाववेना. डबा अजून आहे. त्यात ती पोह्यांचे पापड ठेवते.

आमच्याकडच्या लग्नात मांडे लागतात. खापरावर, म्हणजे उलट्या घातलेल्या भांड्यावर, हातभर पसरलेली कागदासारखी पोळी, आत साखर-खवा, गरम आहे तोवर घडी. बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर राजानं लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’तही मांडे आहेत. (त्याच ग्रंथात शेतातले उंदीर कसे तळावेत तेही आहे, आज तो राजा असता तर त्याच्या मागे किती लाख लोक लागले असते कोण जाणे.) मराठीनं या मांड्याचे दोन वाक्प्रचार केले. मनातले मांडे, आणि कोंड्याचा मांडा. आज्जी दुसरा वापरायची, बहुधा स्वतःबद्दल. फोनवर हल्ली जे दिसतं ते कुठल्या खात्यात टाकायचं यावर गटात दोन तट आहेत आणि बिटाच्या जिलेबीनं तिसरा पाडला आहे.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या लक्षात आली, धाकट्यानंच दाखवली. ते व्हिडिओ नीट बघा, म्हणाला. गाडीवाला ओततो, ढवळतो, चीज किसतो, बशी पुढे करतो. निवेदक एक घास घेतो, डोळे मोठे करतो, आणि संपतं. रिकामी बशी कधी दिसत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत कोरियाकडून डालगोना कॉफी आली आणि जगभर लोक हात दुखेस्तोवर कॉफी-साखर फेटत बसले, तेव्हा आत्ती म्हणाली, ‘ही तर आपली पाव्हण्याची कॉफी.’ खरंच, शाहापुरात कुणी बघायला येणार असलं की ती पितळी वाटीत चमच्यानं अर्धा तास फेटायची. कोरियात तिचं काय झालं ठाऊक नाही, शाहापुरात त्या कॉफीवर तीन लग्नं जमली.

या दिवाळीत दुबईची भाची आली. तिनं सगळ्यांसाठी ते गाजलेलं चॉकलेट आणलं होतं, जाड, आत हिरवं, ज्यासाठी दोन वर्षं लोक रांगा लावत होते. वाडा आता अर्धाच उरलाय. सोप्यात आम्ही सात-आठजण, आमची पोरं, आणि कोपऱ्यात खुर्चीवर थोरली काकू. वय नव्वदीला टेकलेलं, ऐकू कमी येतं, दात वरचे नाहीत. भाचीच्या मुलीनं फोन उभा धरला आणि चॉकलेट मोडलं. आतून पिस्त्याचा लगदा आणि त्यात कुरकुरीत तारा बाहेर आल्या. अरबांकडची ती कुनाफ्याची बारीक शेवई, लोण्यात परतलेली.

काकूनं तुकडा हातात घेतला, उजेडाला धरला. एक तार नखानं काढली, जिभेवर ठेवली.

‘शेवया की गा ह्या,’ ती म्हणाली.

आम्ही कुणीही एकमेकांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं. काकूपुढे चहाची बशी होती, त्यात चुरमुरे. तुकडा चावेना म्हणून तिनं तो सरळ बशीत सोडला. भाचीची मुलगी ओरडली, पण फोन तिनं खाली केला नाही. चॉकलेट विरघळून चहा काळा झाला, मग त्यावर हिरवट तवंग आला, आणि चुरमुऱ्यांमधून त्या तारा एकेक करून वर तरंगल्या. काकू बघत होती. मधला क्षण आला तशी तिनं चमचा घातला. सगळ्या बशीभर गोष्टी तिनं सावकाश संपवल्या, बशी वाकडी करून तळाचा घोटही घेतला, आणि रिकामी बशी भाचीच्या मुलीपुढे धरली.

‘आणि हाय काय?’